गॅझेटच्या पुढे 'यर'

2025 च्या सप्टेंबरात धाराशिव जिल्ह्यातल्या अणदूरच्या स्टँडवर, चहाच्या टपरीत, एकच शब्द चालू होता : गॅझेट. 2 तारखेला मराठा आरक्षणाचा शासन निर्णय निघाला होता. पेपर उलगडून बसलेले एक काका मला म्हणाले, "आपलं नाव गॅझेटात हाय का बघा की." मी म्हटलं, "काका, निर्णयात हैदराबाद गॅझेटियर लिहिलंय. त्यात गावं असतात, आकडे असतात. माणसांची नावं नसतात." काका म्हणाले, "येकच की त्ये."

एकच नाही. पण चूक काकांची नाही. हा घोळ इंग्रजांच्या घरातला, तोही सव्वातीनशे वर्षं जुना.

गॅझेटा म्हणजे व्हेनिसचं हलकं नाणं, आपल्या दमडीच्या जातीचं. सोळाव्या शतकात तिथे लढायांच्या नि जहाजांच्या बातम्यांचा कागद निघे. तो त्या नाण्याला मिळायचा, म्हणून कागदालाच नाण्याचं नाव पडलं, असं बहुतेक कोशकार मानतात. 1665 मध्ये लंडनला प्लेग आला, राजाचा दरबार ऑक्सफर्डला हलला आणि तिथे सरकारी बातम्यांचं 'ऑक्सफर्ड गॅझेट' सुरू झालं. पुढच्याच वर्षी ते 'लंडन गॅझेट' झालं, आजही निघतं. दमडीचा कागद असा सरकारजमा झाला.

गॅझेटात लिहिणारा तो गॅझेटियर. म्हणजे मुळात हा माणूस, चक्क बातमीदार. बातम्यांत आलेली गावं नेमकी कुठे हे कुणाला कळेना, म्हणून लॉरेन्स एकर्डने 1690 च्या दशकात गावांची एक यादी छापली आणि तिच्या नावातच बातमीदाराला बसवलं. पुस्तकाचं लांबलचक नाव कोण घेतो? लोक पुस्तकालाच गॅझेटियर म्हणू लागले. बातमीदार गेला, गावांचा कोश राहिला. तोच कोश इंग्रजांनी इकडे आणून प्रांताप्रांताचा केला. 1909 च्या इंपीरियल गॅझेटियरमध्ये हैदराबाद संस्थानाचा खंड आहे आणि आपल्या शेजारचं नळदुर्ग आपल्या जिल्ह्याचं जुनं नाव म्हणून त्या मालिकेत भेटतं. निजामाचं खरं गॅझेट, म्हणजे हुकूम छापणारं, त्याचं नाव मात्र वेगळं होतं : जरीदा.

आपल्या बोलीत गॅझेट शिरलं ते या कुठल्याच वाटेने नव्हे. ते आलं गॅझेटेड साहेबाच्या सहीतून. मार्कशीटची झेरॉक्स घेऊन तालुक्याला जायचं, साहेब जेवायला गेलेले असायचे, मग हिरव्या शाईचा तो फराटा मिळेपर्यंत व्हरांड्यात उभं राहायचं. त्या माणसाची नेमणूक राजपत्रात, म्हणजे गॅझेटात, छापली जाते म्हणून तो राजपत्रित, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. आम्हाला वाटायचं, गॅझेटेड म्हणजे हिरवी शाई.

गावाची जाहीर करण्याची रीत कानाची. कोतवालाने हलगीवर काडी मारली, की दळणाच्या रांगेतल्या बाईलाही कळे. खंडोबाचंच पाहा : मूर्ती एकच, अणदूर आणि नळदुर्ग दोघांची. देव सव्वादहा महिने इकडे, पावणेदोन महिने तिकडे. नेण्या-आणण्याचा लेखी करार दोन गावांत होतो, पण तो वाचायला कुणी राजपत्र उघडत नाही. देव निघाला हे गावाला कळतंच.

म्हणून तर मराठीत एका 'पब्लिश'ला पुरेल असा एक शब्द सापडत नाही. पुस्तक प्रसिद्ध होतं, निकाल लागतो, सभा जाहीर होते, बातमी फुटते आणि भानगडीचा बोभाटा होतो. इंग्रजी कायद्याला हे बारकावे नकोत. अब्रुनुकसानीत पारावर एकाच्या कानात सांगितलं, तरी ते 'पब्लिकेशन'.

राजपत्राचा न्याय त्याच्या उलटा. तिथे छापलं, की कुणी वाचो न वाचो, सगळ्यांना कळलं असं धरतात. पण छापलंच नाही तर? जयपूर संस्थानात 1923 साली अफूचा कायदा ठरावाने झाला आणि कागदातच राहिला. त्याच कायद्याखाली पुढे हरला नावाच्या माणसाला 50 रुपये दंड झाला. 1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. निकाल व्हिव्हियन बोस यांनी लिहिला. नागपूरच्या उच्च न्यायालयातून दिल्लीला गेलेले न्यायमूर्ती. ज्या कायद्याची लोकांना खबरच दिली नाही, त्याने लोकांना बांधता येत नाही, असा त्यांचा निवाडा. नाव हरला, पण खटला जिंकला.

बोस यांची ही बाजू मला हलगीच्या जवळची वाटते. कधी तर गाव राजपत्राच्याही पुढे असतं. आपल्या उस्मानाबाद जिल्ह्याचं धाराशिव 15 सप्टेंबर 2023 च्या अधिसूचनेने झालं. अणदूरच्या म्हाताऱ्यांच्या तोंडी ते आधीपासूनच धाराशिव होतं.

तेव्हा यापुढे कुणी "गॅझेटात आहे" म्हणालं, तर अगोदर साल विचारा. आणि 'ट'च्या पुढे 'यर' आहे का, तेही.