पान निळे कसे झाले?

शाळेतल्या विज्ञानाच्या प्रयोगवहीत एक प्रयोग हमखास असतो. कुंडीतले झाड दोन दिवस अंधाऱ्या कपाटात ठेवायचे. मग त्याच्या एका पानाला मधोमध काळ्या कागदाची पट्टी टाचून कुंडी उन्हात काढायची. संध्याकाळी ते पान खुडायचे, आधी पाण्यात आणि मग गरम पाण्यात ठेवलेल्या स्पिरिटच्या भांड्यात उकळून त्याचा हिरवा रंग घालवायचा आणि वर आयोडीनचे चार थेंब सोडायचे. पट्टीखालचा भाग पिवळट राहतो, बाकीचे पान निळेकाळे पडते. ‘अनुमान : प्रकाशावाचून वनस्पतीत स्टार्च तयार होत नाही.’ मास्तरांची सही झाली की वही बंद!

या एका ओळीच्या अनुमानापर्यंत पोहोचायला युरोपातल्या मोठमोठ्या पंडितांना दोनशेहून अधिक वर्षे लागली. आणि मौज अशी, की त्यांतल्या बहुतेकांचे प्रयोग बरोबर होते. चुकत होती ती अनुमाने.

पहिला मानकरी ब्रुसेल्सचा व्हान हेलमाँट. झाडाचा एवढा थोरला देह येतो कुठून, हा त्याचा प्रश्न. मातीतून, असे त्या वेळचे विद्वान सांगत. हेलमाँटने भट्टीत वाळवलेली दोनशे पौंड माती एका कुंडीत घातली आणि तीत पाच पौंडांचे विलोचे रोप लावले. (आपल्याकडे नदीकाठी वाढणारा वाळुंज याच कुळातला.) वरून धूळ पडू नये म्हणून कुंडीवर भोकांचे पत्र्याचे झाकण बसवले आणि पाच वर्षे केवळ पाणी घातले. पाच वर्षांनी झाड भरले १६९ पौंड आणि वर सुमारे तीन औंस. चार शरद ऋतूंत गळालेली पाने तर त्याने धरलीच नव्हती! माती पुन्हा वाळवून तोलली, तर घट अवघी दोन औंसांची. हेलमाँटने निकाल दिला : लाकूड, साल, मुळे, सारे पाण्यातूनच झाले.

हा मजकूर त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली छापला गेला. तराजू खरा होता, आकडे खरे होते. पण ‘गॅस’ हा शब्द ज्याने जगाला दिला, तो हाच हेलमाँट! बासष्ट पौंड कोळसा जाळला तर एक पौंड राख उरते, बाकीचा भाग अदृश्य वायू होऊन जातो, हे त्यानेच लिहून ठेवले होते. लाकूड जळताना जो वायू बाहेर पडतो, तोच लाकूड घडताना आत गेला असेल, ही शंका त्याला शिवली नाही. दोन्ही टोके एकाच माणसाच्या हाती होती. गाठ तेवढी मारायची राहिली.

पुढे सव्वाशे वर्षांनी इंग्लंडातल्या लीड्स गावी जोसेफ प्रीस्टली नावाचे एक पाद्री राहत होते. घराशेजारी बिअरची भट्टी. तिच्या पिंपांवर साचणाऱ्या जड वायूशी खेळता खेळता त्यांना वायूंचा नाद लागला. (हाच तो कर्बाम्लवायू, ज्याला आता सगळे कार्बन डायऑक्साइड म्हणतात.) पेटत्या पणतीवर काचेचा पेला उपडा घातला तर ती थोड्या वेळात विझते, हे आपल्या घरातल्या पोराटोरांनाही ठाऊक असते. प्रीस्टलींना प्रश्न पडला, की जगात रोज इतके जाळले जाते, इतके प्राणी श्वास घेतात; मग सारी हवा केव्हाच कशी बिघडून गेली नाही? १७ ऑगस्ट १७७१ रोजी त्यांनी मेणबत्ती जळून विझलेल्या हवेत पुदिन्याची एक डहाळी ठेवली. २७ तारखेला त्याच हवेत दुसरी मेणबत्ती छान जळाली. अशा सुधारलेल्या हवेत उंदीरही खुशाल राहतो, असेही त्यांना आढळले. बेंजामिन फ्रँकलिनला हे कळताच त्याने प्रीस्टलींना लिहिले, की आता तरी लोक घराभोवतालची झाडे तोडण्याचे वेड सोडतील. त्याचा हा अंदाज फारच भाबडा ठरला, हे सांगायला नको.

खरी कथा पुढेच आहे. प्रीस्टलींनी १७७८ च्या सुमारास हे प्रयोग पुन्हा हाती घेतले, तर कधी जमत, कधी फसत. तिकडे स्वीडनमध्ये शेल या निष्णात रसायनशास्त्रज्ञाला तर उलटेच दिसले : वनस्पतींनी हवा सुधारण्याऐवजी बिघडवली! आपल्या वर्गात एखाद्या पोराचे पान निळे पडत नाही. मग ते शेजाऱ्याच्या वहीतले निरीक्षण गुपचूप उतरवून घेते. प्रीस्टली आणि शेल यांनी तसे केले असते तर कोणी विचारले नसते. दोघांनी आपले विरोधी निकाल जसेच्या तसे छापले, म्हणून तिसऱ्याला काम मिळाले.

हा तिसरा म्हणजे यान इंगेनहाऊस. मूळचा हॉलंडचा, व्यवसायाने वैद्य. ऑस्ट्रियाच्या राजघराण्यातल्या मुलांना देवी काढून तो व्हिएन्नाचा राजवैद्य झाला होता. १७७९ चा उन्हाळा त्याने लंडनजवळच्या एका भाड्याच्या घरात घालवला आणि तीन महिन्यांत पाचशेहून अधिक प्रयोग केले. पाने पाण्यात बुडवायची, बुडबुडे गोळा करायचे आणि तो वायू तपासायचा. सकाळी, दुपारी, रात्री, उन्हात, सावलीत. गुपित फुटले. हवा सुधारते ती फक्त उजेडात, आणि तीही हिरव्या भागांकडून. अंधारात साऱ्या वनस्पती, आणि फुले-मुळे तर नेहमीच, आपल्यासारखीच हवा बिघडवतात. नुसती ऊब देऊन भागत नाही, ऊनच हवे. प्रीस्टलींच्या टेबलावर ज्या दिवशी ऊन पडे त्या दिवशी प्रयोग जमे, एवढाच तो घोळ होता!

रात्री झाडाखाली निजू नये, असे आपल्याकडचे वडीलधारे सांगतात. इंगेनहाऊसच्या शोधाने तिकडेही निजायच्या खोलीतल्या फुलांची अशीच धास्ती पसरवली. वास्तविक खोलीत निजलेला दुसरा माणूस कुंडीपेक्षा कितीतरी अधिक हवा बिघडवतो. त्याला कोणी बाहेर काढत नाही.

बाकीचे धागे भराभर जुळले. जिनिव्हाच्या सेनेबिएने १७८२ साली दाखवले, की पाण्यात कर्बाम्लवायू असला तरच बुडबुडे येतात. उकळलेल्या पाण्यात पान स्वस्थ बसते. हायड्रिलाच्या चंचुपात्रात चिमूटभर खाण्याचा सोडा टाकायला सांगतात, त्याचे मूळ इथे. त्याच गावच्या द सोस्यूरने १८०४ साली तोलून सिद्ध केले, की झाडाचे वजन वाढते त्यात कर्बाबरोबर पाण्याचाही वाटा असतो. म्हणजे हेलमाँट अर्धा बरोबरच होता.

आयोडीनची बाटली मात्र तोफांच्या कृपेने आली. नेपोलियनच्या लढायांत दारूसाठी सोरा कमी पडू लागला, तेव्हा कूर्त्वा नावाचा फ्रेंच सोरा-उत्पादक समुद्रशेवाळाच्या राखेवर खटपट करत होता. १८११ साली त्या राखेतून जांभळी वाफ निघाली, ते आयोडीन. स्टार्चशी गाठ पडताच ते निळे होते, हे लवकरच उमगले. आणि १८६२ च्या सुमारास जर्मनीच्या युलियस झाक्सने ही खूण पानावर लावून पाहिली. उन्हातल्या पानात स्टार्च, अंधारातल्यात नाही. आपल्या प्रयोगवहीतला प्रयोग तो हा.

हायड्रिलाशी आपले नाते जवळचे आहे. जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्याला याच पाणवनस्पतीवर वर्षानुवर्षे काम केले, तिच्या बुडबुड्यांची आपोआप नोंद घेणारे यंत्र रचले आणि १९२४ साली त्यावर ग्रंथ लिहिला. पण नळीत साठणारा तो प्राणवायू कर्बाम्लवायूतून सुटतो की पाण्यातून, याचा निवाडा तेव्हाही झाला नव्हता. पुष्कळांचा कौल पहिल्या बाजूला होता. १९४१ साली अमेरिकेत रूबेन, केमेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राणवायूचा जड प्रकार पाण्यात घालून शेवाळाला दिला आणि निघालेला वायू तपासला. जड प्राणवायू बुडबुड्यांत सापडला. तो पाण्यातूनच आला होता.