रेल्वेमार्ग भूमितीचे अंकीय निरूपण

रेल्वेमार्ग भूमितीचे अंकीय निरूपण म्हणजे रुळांची वळणे, चढ-उतार आणि दोन रुळांच्या पातळीतील फरक यांची माहिती कोणत्याही संगणक प्रणालीला एकाच अर्थाने वाचता येईल अशा प्रमाणित स्वरूपात नोंदविण्याची पद्धत होय. एक्सएमएल या भाषेवर आधारलेले रेलएमएल हे अशा प्रारूपांपैकी एक प्रमुख प्रारूप आहे.

मार्गभूमितीचे घटक

क्षैतिज भूमितीत सरळ भाग, वर्तुळाकार वळण आणि त्या दोहोंना जोडणारा संक्रमण वक्र यांचा समावेश होतो. भारतीय रेल्वेत संक्रमण वक्रासाठी घन अन्वस्ताचा आकार वापरतात. ऊर्ध्व भूमितीत चढ-उतार येतात. वळणावर बाहेरील रूळ आतील रुळापेक्षा उंच ठेवतात. या उंचीला कँट म्हणतात.

कोकण रेल्वेचे उदाहरण

रोहा ते ठोकूर हा सुमारे ७४० किलोमीटरचा कोकण रेल्वेमार्ग २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्णपणे खुला झाला. सह्याद्रीच्या उतारावरून जाणाऱ्या या मार्गाची आखणी करताना वळणाची किमान त्रिज्या १२५० मीटर आणि कमाल चढ १५० मीटरला १ मीटर अशी मर्यादा पाळण्यात आली. ही मर्यादा सांभाळण्यासाठी डोंगर पोखरावे लागले व दऱ्या ओलांडाव्या लागल्या. रत्नागिरीजवळचा सुमारे साडेसहा किलोमीटर लांबीचा करबुडे बोगदा आणि ६४ मीटर उंचीचा पानवल पूल ही त्याची ठळक उदाहरणे होत.

एकच वळण वेगवेगळ्या प्रकारे सांगता येते. १२५० मीटर त्रिज्येचे वळण भारतीय रेल्वेच्या परिभाषेत १.४ अंशाचे ठरते, कारण १७५० या संख्येला मीटरमधील त्रिज्येने भागून अंश काढतात. प्रत्यक्ष मार्गावर २० मीटरची दोरी बाहेरील रुळाला ताणून तिच्या मध्यापासून रुळापर्यंतचे अंतर मोजतात. या अंतराला वर्साइन म्हणतात. याच वळणावर ते ४० मिलिमीटर भरते. ताशी १०० किलोमीटर वेगाला पूर्ण संतुलन साधणारा कँट येथे सुमारे ११० मिलिमीटर येतो. १२५०, १.४ आणि ४० या तिन्ही संख्या एकाच वळणाच्या आहेत. एकक आणि मोजण्याची रीत सोबत नसेल, तर त्यांचा अर्थ लावणे धोक्याचे ठरते.

रेलएमएल

रेलएमएलचा विकास २००२ मध्ये सुरू झाला. पायाभूत सुविधा, वेळापत्रक, गाड्या आणि आंतरपाशन असे त्याचे विभाग आहेत. दुसऱ्या आवृत्तीत मार्गाच्या आरंभापासून ठरावीक अंतरावर त्रिज्या किंवा चढ बदलल्याची नोंद केली जाते. तिसरी आवृत्ती आंतरराष्ट्रीय रेल्वे संघाच्या रेलटोपोमॉडेलवर आधारलेली आहे. तीत मार्गांची परस्पर जोडणी, त्यांची भूमिती आणि सिग्नल, सांधे यांसारखे घटक स्वतंत्रपणे नोंदवून एकमेकांशी जोडले जातात. स्थान सांगण्यासाठी मार्गावरील अंतर अथवा भौगोलिक निर्देशांक वापरता येतात. मार्ग बदलल्यामुळे किलोमीटर-गणनेत पडलेला खंडही दर्शविता येतो.

बांधकाम क्षेत्रातील आयएफसी या प्रारूपाच्या २०२४ च्या आंतरराष्ट्रीय मानकातही क्षैतिज, ऊर्ध्व आणि कँट अशा तिन्ही अंगांनी मार्गरेषा मांडण्याची सोय आहे.

महत्त्व

गाडी थांबण्यास लागणारे अंतर उतारावर वाढते व चढावर कमी होते. त्यामुळे कवचसारख्या स्वयंचलित संरक्षण प्रणालीला गाडीचे स्थान आणि पुढील चढ-उतार अचूक माहीत असणे आवश्यक असते. बोगद्यात उपग्रहांचे संकेत पोहोचत नाहीत. तेथे रुळांवरील खुणा आणि मार्गावर मोजलेले अंतर यांवरच स्थान ठरते. नोंदीत चढाच्या जागी उतार लिहिला गेला, तर थांबण्याचा हिशेब चुकतो. म्हणून प्रत्येक नोंदीसोबत मोजणीची दिशा निश्चित असावी लागते.

प्रमाणित प्रारूपामुळे सर्वेक्षण, देखभाल, वेळापत्रक आणि सिग्नल या विभागांना एकच माहिती वापरता येते व ती पुन्हा हाताने भरताना होणाऱ्या चुका टळतात. मात्र प्रारूप केवळ मांडणीची शिस्त लावते. मूळ मोजणी चुकीची असल्यास ती चूक तितक्याच नेमकेपणाने सर्वत्र पोहोचते. त्यामुळे दुरुस्तीनंतर रुळांची प्रत्यक्ष मोजणी करून नोंदी अद्ययावत ठेवणे अपरिहार्य ठरते.

हे सुद्धा पहा

कोकण रेल्वे
करबुडे बोगदा
कवच (रेल्वे संरक्षण प्रणाली)