चकचकीत मिग आणि ब्रशचे फटकारे

आपल्या यवतमाळात कोणी रिमोटवर उडणारं मिग-21 बनवत असेल, तर आजचा भाग खास त्याच्यासाठी. विषय आहे वेदरिंग, म्हणजे नवं मॉडेल वापरून जुनं झालेलं दाखवायचं काम. बहुतेक जण काय करतात? करडा रंग मारतात, वर काळे-तपकिरी ओघळ सोडतात, झालं. पण 1971 चं मिग करायचं असेल तर हे साफ चुकतं. का, ते बघू.

पहिली मिग-21 आपल्याकडे 1963 मध्ये आली, चंदीगडला, 28 स्क्वाड्रनकडे. पुढे नाशिकजवळ ओझरला एचएएलचा कारखाना उभा राहिला आणि तिथे मिग-21 एफएल बनू लागलं. ही विमानं रंगवलेली नसायची. नुसता उघडा धातू, नव्या स्टीलच्या डब्यासारखा चकचकीत. आकाशात शोभून दिसतं हो, पण जमिनीवर उभं असलं की वरून लांबूनही नजरेत भरतं. 6 सप्टेंबर 1965 ला पाकिस्तानी सेबर विमानांनी पठाणकोटच्या तळावर हल्ला केला, तेव्हा उभ्या-उभ्या जळालेल्या विमानांत आपली दोन मिगही होती.

1971 चं युद्ध आलं तेव्हा या चकचकीत मिगना घाईघाईत हिरव्या-तपकिरी रंगाचे पट्टे फासले गेले, तेही स्क्वाड्रनच्या पातळीवरच. त्यामुळे एकसारखा नमुना नाही. जुने फोटो बघा, कुठे पट्टे, कुठे ठिपके, आणि कडा तर अगदी हाताने ओढलेल्या. मला ही विमानं फार आवडतात. त्यांच्यावर माणसांची घाई दिसते.

आता मॉडेलकडे येऊ. युद्ध चाललं 3 ते 16 डिसेंबर. एवढ्या दिवसांत रंग उन्हाने विटत नाही. आणि अ‍ॅल्युमिनियमला तांबेरा चढत नाही, त्यामुळे गंजाचे ओघळ विसरा! इथे रंग उडाला की खालून चांदी दिसायला हवी. म्हणून आधी पूर्ण चंदेरी रंग द्या, त्यावर हेअरस्प्रे, त्यावर पाण्यात मिसळणारा हिरवा अ‍ॅक्रिलिक. वाळला की ओल्या ब्रशने पंखांच्या पुढच्या कडा आणि कॉकपिटच्या बाजूची, पायलट चढतो ती जागा घासा. हेअरस्प्रे विरघळतो, हिरवा निघतो, चांदी उघडी पडते. ब्रशचे फटकारे दिसले तर दिसू द्या, ते इथे खरेच आहेत. पोटाखाली 23 मिमीची गनपॉड लावली असेल तर तोंडाजवळ थोडी काजळी चालेल.

दोन सावधगिऱ्या. थर्माकोलवर साधा स्प्रे-पेंट थेट मारू नका, त्यातलं थिनर थर्माकोल खाऊन टाकतं. आणि शेपटीकडे रंगाचे थर वाढवू नका. वजन मागे सरकलं की विमान नाक वर करतं, मग नाकात शिसं भरत बसावं लागतं.

14 डिसेंबरला ढाक्याच्या गव्हर्नर हाऊसवर रॉकेट सोडणारी 28 स्क्वाड्रनची मिग पक्क्या धावपट्टीवरून उडाली होती, त्यामुळे चाकांवर चिखल रंगवायची गरज नाही. तसंही पऱ्हाटी उपटलेल्या वावरात दोन-चारदा उतरवलं की आपली काळी माती ते काम फुकटात करून देते.