अपरिग्रह, विदर्भातील

गरजेपुरत्या वस्तू ठेवून संचय जाणीवपूर्वक नाकारणारी जीवनपद्धती. जैनांच्या पाच महाव्रतांत आणि गांधींच्या एकादश व्रतांत तिचा समावेश आहे. विदर्भातील आजच्या जगण्यातही तिचा अर्थ लागतो: नागपूरच्या दक्षिण सीमेवरील बेसा हे मूळचे खेडे आता सदनिकांच्या वसाहतींनी भरले आहे. अशा उपनगरांत घर, गाडी आणि घरसामानही हप्त्यांवर येते, त्यामुळे कमी वस्तूंत राहणे म्हणजे कर्जापासून दूर राहणेही ठरते. बेसाहून वर्धा फार दूर नाही. १९३६ मध्ये महात्मा गांधी तेथील शेगावी (पुढचे सेवाग्राम) राहायला आले; माती-बांबूची, कवेलूंची बापू कुटी आजही पाहता येते.

याहून कठोर उदाहरण अमरावती जिल्ह्यातील संत गाडगेबाबांचे (१८७६–१९५६). अंगावर चिंध्या, हाती गाडगे आणि खराटा, एवढाच त्यांचा संसार. लोकांच्या देणग्यांतून त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या, पण स्वतः त्यांत कधी मालकीहक्काने राहिले नाहीत. या त्यागाची सामाजिक बाजू अधिक मोलाची आहे: पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवली.