सतरा रुपये टन

हुंडेकरी हा शब्द आता नगरकडच्या आडनावापुरता उरला आहे. एके काळी तो धंदा होता. व्यापाऱ्यानं माल हवाली करायचा, एक ठोक रक्कम ठरवायची आणि मोकळं व्हायचं. वाटेतल्या जकाती, बैलांचं दाणावैरण, घाटातली अडचण, हे सगळं हुंडेकऱ्यानं बघायचं. करार म्हणजे तोंडचा शब्द आणि फार तर एक चिठ्ठी. बंदरावरचे गुजराती व्यापारी जहाजाच्या भाड्याला 'नूर' म्हणत, अजूनही म्हणतात. मग आगबोटी आल्या, १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला, आणि नूर जाऊन फ्रेट आलं. शब्द बदलला एवढंच असतं तर मी हा लेख लिहिला नसता.

माझी नोकरीची बहुतेक वर्षं बॅलार्ड इस्टेटमध्ये, माल जहाजानं पाठवणाऱ्या एका फर्ममध्ये गेली. शेवटी शेवटी नव्या मुलांना पत्रव्यवहाराचं इंग्रजी शिकवायचं काम माझ्याकडे आलं. मुलं हुशार, पण सगळ्यांची समजूत एकच: वाटाघाटीचं इंग्रजी म्हणजे गोड इंग्रजी. 'काइंडली', 'अ‍ॅट द अर्लिएस्ट' वगैरे. मी त्यांना पहिल्या दिवशी दोन शब्दांचे अर्थ विचारायचो. फ्रेट म्हणजे काय? उत्तर यायचं, माल. नाही, करारात फ्रेट म्हणजे पैसे, माल म्हणजे कार्गो. टन म्हणजे काय? वजन. तेही प्रत्येक वेळी नाही. कापसासारख्या फुगीर मालाचा जहाजावरचा टन म्हणजे चाळीस घनफूट जागा. वजनकाट्याचा त्याच्याशी संबंध नाही. ज्याची गासडी जास्त दाबलेली, त्याला भाडं कमी. तिसरा शब्द डॅमरेज. मालधक्क्यावर हमालालाही तो ठाऊक असतो आणि निम्म्या लोकांना तो डॅमेजचा भाऊ वाटतो. मूळ डेमरेज, जहाजाला ठरल्यापेक्षा जास्त खोळंबून ठेवल्याचा दंड.

हे झालं की मी त्यांना १८९३ सालची गोष्ट सांगायचो. ती वर्गात नीट सांगून व्हायची नाही, कारण मधेच जेवायची सुट्टी व्हायची. म्हणून इथे.

त्या वेळी मुंबईतून पूर्वेकडे, म्हणजे चीन आणि जपानकडे, सूत आणि कापूस जायचा तो मुख्यतः तीन कंपन्यांच्या बोटींतून: इंग्रजांची पी अँड ओ, ऑस्ट्रियन लॉइड आणि इटलीची रुबातिनो. तिघींनी आपसात दर ठरवून घेतले होते. अशा संगनमताला जहाजांच्या धंद्यात 'कॉन्फरन्स' म्हणतात; परिषद म्हटलं की कसं सभ्य वाटतं. मुंबई ते कोबे कापसाचा दर सुमारे सतरा रुपये टन. जपानात सूतगिरण्या भराभर उभ्या राहत होत्या, त्यांना हिंदुस्थानचा आखूड धाग्याचा स्वस्त कापूस हवा होता, आणि ह्या सतरा रुपयांनी दोन्ही टोकांचे लोक हैराण होते.

पण खरी मेख दरात नव्हती, रिबेटमध्ये होती. ही युक्ती १८७७ च्या सुमारास कलकत्त्याच्या व्यापारात रुजली. वरवर पाहता साधी सूट. तुम्ही पूर्ण भाडं भरायचं. ठरावीक महिने सगळा माल फक्त कॉन्फरन्सच्या बोटींनी पाठवलात, तर त्यातला काही भाग परत. मात्र लगेच नाही. पुढचे आणखी तितकेच महिने इमान राखलंत तर. म्हणजे तुमचा पैसा कायम त्यांच्या तिजोरीत अडकलेला. मधे एखादी परकी बोट स्वस्त दरानं आली आणि तुम्ही तिच्यात चार गासड्या टाकल्यात, की आधीच्या सगळ्या महिन्यांची सूट बुडाली. कुणावर बंदी नाही, दमदाटी नाही, दंडही नाही. फक्त एक वाक्य, 'प्रोव्हायडेड दॅट' ने सुरू होणारं. करारातल्या इंग्रजीत मला सगळ्यांत जास्त भीती ह्या दोन शब्दांची वाटते. 'शॅल' नि 'मस्ट' समोरून येतात, 'प्रोव्हायडेड' मागून.

हे कायद्यात बसतं का, असा दावा मोगल स्टीमशिप कंपनीनं इंग्लंडात लावला होता. नाव मोगल असलं तरी कंपनी इंग्रजच. चीनच्या हांकाऊ बंदरातला चहा उचलायला तिच्या बोटी गेल्या तेव्हा कॉन्फरन्सनं दर पाडून आणि पाच टक्के रिबेटची अट घालून तिला हुसकावलं. डिसेंबर १८९१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं निकाल दिला की ही स्पर्धाच आहे, गुन्हा नव्हे. तेव्हा १८९३ मध्ये कोर्टाचं दार मुंबईकरांसाठी बंद झालेलं होतं.

जमशेटजी टाटा त्याच वर्षी जपानला गेले. माणूस नवखा नव्हता. विशीत हाँगकाँगला पेढीचं काम केलेलं, पूर्वेचा व्यापार आतून ठाऊक. तिथे त्यांची गाठ शिबुसावा एइइची ह्यांच्याशी पडली. शिबुसावा म्हणजे जपानच्या नव्या उद्योगांमागचा मोठा माणूस, सूतगिरण्यांशी जवळचा संबंध असलेला. प्रश्न होता निप्पॉन युसेन काइशा ह्या जपानी जहाज कंपनीला मुंबईपर्यंत आणायचा. कंपनी स्थापन होऊन आठच वर्षं झालेली, आणि इतक्या लांबचा नियमित मार्ग तिनं तोवर चालवलेला नव्हता. एकाची भाषा गुजराती, दुसऱ्याची जपानी; मधली भाषा इंग्रजीच असणार, म्हणजे ज्यांच्याविरुद्ध बोलणी चालली होती त्यांची.

जपान्यांनी हो म्हटलं, पण एक अट घातली, आणि ती मला फार शहाणपणाची वाटते. टाटांनी नुसता माल देण्याचं वचन देऊन चालणार नाही. त्यांनी स्वतःही बोटी चालवायच्या आणि धोका सारखा वाटून घ्यायचा. माल देणाऱ्याचं वचन किती टिकतं हे त्यांना ठाऊक असावं. तिकडे त्यांनी आपल्या सूतगिरण्यांच्या संघाकडून आधीच लिहून घेतलं की कापूस आपल्याच बोटींतून आणायचा. म्हणजे जपानी बोट कोबेहून निघण्याआधीच तिचा परतीचा माल कागदावर बांधलेला होता. ७ नोव्हेंबर १८९३ रोजी 'हिरोशिमा मारू' कोबेहून मुंबईकडे निघाली.

टाटांनी 'अ‍ॅनी बॅरो' ही इंग्रजी बोट भाड्यानं घेतली, महिना १,०५० पौंडांना. पुढे 'लिंडिसफार्न' घेतली. इथे मी फळ्यावर हिशेब मांडायचो. भाडं पौंडांत द्यायचं, कमाई रुपयांत यायची. रुपया सव्वा शिलिंगाचा धरला तर १,०५० पौंडांचे १६,८०० रुपये. तो घसरून एक शिलिंग एक पेनीवर आला, आणि १८९४ मध्ये तो तसाच घसरला, तर तेच भाडं १९,३०० च्या वर जातं. महिन्याच्या बोलीनं घेतलेल्या बोटीचा कोळसा आणि बंदराचा खर्च घेणाऱ्याच्याच माथी. ते सोडा, नुसतं भाडं बघा. सतरा रुपये दरानं एक हजार टनांत महिन्याचं भाडं निघतं.

आता पी अँड ओ नं काय केलं? दर दीड रुपया टनावर आणला. सतराचा दीड. ह्या दरानं तेच भाडं काढायला ११,२०० टन माल हवा, आणि फेरी काही एका महिन्यात पुरी होत नव्हती. शिवाय हा दीड रुपया सगळ्यांना नव्हताच. टाटा लाइनच्या किंवा जपानी कंपनीच्या बोटींनी चीन-जपानला माल पाठवण्यात आपला काही संबंध नाही, असं लिहून देणाऱ्यालाच तो दर. पुन्हा तेच मागून येणारं वाक्य. त्यात पी अँड ओ ला टपाल वाहण्याबद्दल सरकारी पैसा मिळायचा, म्हणजे ह्या स्पर्धेचा काही खर्च हिंदुस्थानच्या तिजोरीतूनही निघत होता म्हणायला हरकत नाही. जमशेटजींनी ह्याविरुद्ध सरकारकडे दाद मागितली. उपयोग झाला नाही.

मुंबईचे गिरणीवाले सटकायला लागले. त्यांना दोष देणं सोपं आहे, आणि चरित्रकार तो देतातही. पण कापसाचा धंदा थोडक्या नफ्यावर चालतो. दीड रुपयात माल जात असताना मित्राच्या बोटीत जास्त भाडं भरून घालणारा व्यापारी दिवाणजीला काय सांगणार? टाटांच्या पाठीशी होता तो मुंबईच्या गिरणीवाल्यांचा शब्द, हुंडेकऱ्याच्या काळातला. जपान्यांच्या पाठीशी लेखी करार होता. टाटा लाइनच्या अपयशाचं कारण लोक भांडवल सांगतात, साम्राज्य सांगतात. दोन्ही खरं आहे. पण तीच पी अँड ओ, तोच दीड रुपया सोसून जपानी बोटी टिकल्या, आणि टाटांनी मोठा तोटा खाऊन बोटी परत केल्या.

१८९६ मध्ये पी अँड ओ नं जपानी कंपनीशी तडजोड केली आणि तिला कॉन्फरन्समध्ये घेतलं. मुंबई-कोबे मार्ग चालू राहिला. त्याच वर्षी जपाननं कच्च्या कापसावरची आयात जकातही उठवली. सलोखा झाल्यावर दीड रुपया अर्थातच राहिला नाही.

एका मुलीनं मला वर्गात विचारलं होतं, मग आपल्यापैकी कुणी त्या टेबलावर कधी बसलंच नाही का? बसले. सोलापूरचे वालचंद हिराचंद, नरोत्तम मोरारजी आणि मंडळींनी १९१९ साली सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन काढली. ५ एप्रिलला तिची 'लॉयल्टी' मुंबईहून लंडनला निघाली. पुन्हा दरयुद्ध झालं. ह्या वेळी बोटी परत कराव्या लागल्या नाहीत. १९२३ मध्ये ब्रिटिश कंपन्यांशी दहा वर्षांचा लेखी करार झाला. त्यात सिंधियाला किनारपट्टीच्या व्यापारात जागा मिळाली, पंचाहत्तर हजार टनांच्या मर्यादेत. आणि हिंदुस्थान, ब्रह्मदेश, सिलोन ह्यांच्यापलीकडे जायचं नाही, अशी अट होती. ज्या कंपनीची पहिलीच बोट लंडनला गेली होती, तिच्या लोकांनी त्या कागदावर सही केली.