आठशे मीटरची बत्तीस वर्षे

स्त्रियांना खेळाच्या मैदानापासून दूर ठेवणारे नियम पुष्कळ झाले. त्यांतील एका नियमाची जन्मकथा आपण मुद्दाम ऐकण्यासारखी आहे. कारण तो शरीरशास्त्राच्या नावाने केला गेला आणि टिकला तो एका विपर्यस्त बातमीवर.

अर्वाचीन ऑलिंपिकचे प्रवर्तक बॅरन कूबेर्तँ यांचा स्त्रियांच्या सहभागाला उघड विरोध होता. टेनिस, पोहणे यांत स्त्रियांचा हळूहळू शिरकाव झाला. धावण्याच्या शर्यतींचे दार मात्र बंदच होते. तेव्हा फ्रान्समधील अलिस मिलिया या बाईंनी १९२१ साली स्त्रियांची आंतरराष्ट्रीय क्रीडासंघटना स्थापली आणि १९२२ मध्ये पॅरिसला स्त्रियांचे स्वतंत्र ऑलिंपिक भरविले. त्यांचे बळ वाढलेले पाहून पुरुषांच्या संघटनेला तडजोड करावी लागली. १९२८ च्या अ‍ॅमस्टरडॅम ऑलिंपिकमध्ये मैदानी खेळांचे पाच प्रकार स्त्रियांना मिळाले, तेही प्रयोग म्हणून.

त्यांत आठशे मीटरची शर्यत होती. अंतिम फेरीत नऊजणी धावल्या. जर्मनीची लीना राडके २ मिनिटे १६.८ सेकंदांचा जागतिक उच्चांक करून जिंकली. जपानची किनुए हितोमी दुसरी आली. नऊच्या नऊजणींनी शर्यत पुरी केली. रेषा ओलांडल्यावर काहीजणी दमून खाली पडल्या, इतकेच. परंतु बातमी अशी छापून आली की, अकरा अभागी स्त्रिया धावल्या आणि त्यांतील पाचजणींनी शर्यत अर्धवट सोडली! जेथे धावणाऱ्यांची संख्याही धड मोजली गेली नाही, तेथे त्यांच्या शक्तीचे मोजमाप कसले होणार?

येथे आपण १९०८ ची लंडनची मॅरेथॉन आठवून पाहावी. इटलीचा दोरांदो पिएत्री मैदानात शिरल्यावर वारंवार कोसळला. इतरांनी आधार दिल्यामुळे तो बाद ठरला; तरी राणी अलेक्झांड्राने त्याला चषक दिला. पुरुष पडला तर तो पराक्रम आणि स्त्री पडली तर तो पुरावा, असा हा न्याय!

आठशे मीटर वगळली गेली. पुढे १९६० च्या रोम ऑलिंपिकपर्यंत स्त्रियांना दोनशे मीटरपलीकडे धावता आले नाही. कित्येक धावपटूंची उमेदीची वर्षे या बत्तीस वर्षांत सरली. त्यांची भरपाई कोणत्याही दुरुस्तीने होत नाही. मॅरेथॉन त्यांना १९८४ साली मिळाली आणि अडथळे व पाणी ओलांडण्याची तीन हजार मीटरची स्टीपलचेस तर २००८ साली. त्याच स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत आपल्या सातारा जिल्ह्यातील ललिता बाबर २०१६ साली रिओला धावली आणि दहावी आली. दार उघडून तेव्हा अवघी आठ वर्षे झाली होती.

‘मुलीच्या जातीला हे झेपायचे नाही’ हे वाक्य आपल्या घरांतूनही आपण ऐकत आलो आहोत. ते खरे की खोटे याचा निवाडा मैदानावरच होऊ शकतो. म्हणून यापुढे ते कानी पडले की आपण एवढेच विचारावे : तिला धावू दिले होते काय?