पर्व्हीझचे तळघर आणि एक लपवलेले सत्य

जानेवारी १९१६. तोफांचा आवाज ऐकू येईल इतक्या अंतरावर, बेल्जियमच्या किनाऱ्यावरील ला पान या गावी एक विवाह झाला. वर होता बेल्जियन वैमानिक बॅरन हॅरोल्ड द त्सर्क्लाएस. वधू होती एल्सी नॉकर : प्रशिक्षित इंग्रज परिचारिका, रुग्णवाहिकेची चालक आणि मोटारसायकलची निस्सीम शौकीन. मधुचंद्र अल्पकाळात आटोपला. नवरा विमानाकडे परतला आणि नवरी तळघराकडे.

हे तळघर पर्व्हीझ या उद्ध्वस्त गावातले. १९१४ च्या ऑक्टोबरअखेर बेल्जियन सैन्याने समुद्राचे दरवाजे उघडून सखल शेते पाण्याखाली घातली आणि जर्मनांची वाट अडवली. त्या पाण्याच्या अलीकडे, निउपोर्ट ते डिक्समुडे या रेल्वेमार्गालगत बेल्जियन खंदक होते. खंदकांपासून हाकेच्या अंतरावर एल्सी आणि तिची मैत्रीण मायरी चिझम यांनी प्रथमोपचाराचे ठाणे मांडले. मायरी तेव्हा अवघी १८ वर्षांची होती.

दोघी सप्टेंबर १९१४ मध्ये डॉ. हेक्टर मन्रो यांच्या रुग्णवाहिका पथकातून बेल्जियमला आल्या होत्या. जखमींना गाडीत घालून दूरच्या इस्पितळात पोहोचवणे, हे त्यांचे काम. पण खड्ड्यांनी फुटलेल्या रस्त्यावरून गाडी पोहोचेपर्यंत कित्येकांचे प्राण गेलेले असत. एल्सीने निष्कर्ष काढला : जखमेइतकेच गाडीचे धक्के, थंडी आणि शरीराला बसलेला आघात माणसाला मारतो. म्हणून आधी रक्तस्राव थांबवावा, ऊब द्यावी, विसावा द्यावा आणि मगच हलवावे. आज रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्याला हे शिकवावे लागते, तेव्हा ते पटवून द्यावे लागे. नोव्हेंबरमध्ये दोघींनी पथक सोडले आणि स्वतःच आघाडीवर मुक्काम ठोकला. तोफगोळ्यांनी एक घर पडले की दुसरे गाठायचे, अशी साडेतीन वर्षे गेली. खर्चासाठी मधूनमधून ब्रिटनमध्ये फिरून वर्गणीही गोळा करावी लागे.

अशा आयुष्यात संसाराला जागा कुठली? बॅरन आणि एल्सी यांच्या भेटी मोजक्याच होत. मायरीचे नशीब तर अधिकच कठोर. ब्रिटिश नौदलाच्या हवाई सेवेतील वैमानिक जॅक पेट्री याच्याशी तिचा विवाह ठरला होता. लग्नापूर्वीच तो गेला. १९१८ मध्ये दुसऱ्या एका तरुण वैमानिकाशी तिचे लग्न ठरले आणि मोडलेही. ती अखेरपर्यंत अविवाहित राहिली.

मार्च १९१८ मध्ये ठाण्यावर विषारी वायूचा हल्ला झाला. एल्सीला मायदेशी न्यावे लागले. काही आठवड्यांनी मायरीलाही वायूची बाधा झाली आणि ठाणे बंद पडले.

खरा स्फोट मात्र शांतता आल्यावर झाला. एल्सी स्वतःला विधवा म्हणवत असे. वास्तवात ती घटस्फोटिता होती आणि पहिल्या विवाहाचा मुलगा तिच्या पदरी होता. त्या काळच्या इंग्लंडात पतीला केवळ पत्नीच्या व्यभिचारावरून घटस्फोट मिळे. पत्नीला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रौर्य किंवा परित्यागासारखे आणखी एखादे कारण सिद्ध करावे लागे. तरीही समाजात बोट दाखवले जाई ते घटस्फोटितेकडेच. वैधव्याला सहानुभूती होती, घटस्फोटाला नव्हती. त्यामुळे तिने हा पडदा का घेतला, हे समजणे अवघड नाही. पण तो बॅरनपासूनही राखला, ही तिची चूकच. त्याच्या कॅथलिक घराण्याच्या दृष्टीने पहिला पती हयात असताना हा विवाह विवाहच नव्हता. सत्य उघड झाले आणि दोघे विभक्त झाले.

या असत्याची किंमत मैत्रीलाही मोजावी लागली. ज्या दोघींनी एकाच तळघरात मृत्यूला पाठ दाखवली नाही, ज्यांना बेल्जियमच्या राजाने आणि पुढे ब्रिटननेही एकाच पराक्रमासाठी पदके दिली, त्यांच्यात युद्धानंतर कायमचा दुरावा आला. मायरी बालमैत्रिणीसोबत कुक्कुटपालनात रमली. एल्सीचा मुलगा केनेथ दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलात असताना १९४२ मध्ये मारला गेला.

१९६४ मध्ये, वयाच्या ऐंशीच्या घरात, एल्सीने आपल्या आठवणी प्रसिद्ध केल्या. मुखपृष्ठावर लेखिकेचे नाव छापले होते : बॅरोनेस द त्सर्क्लाएस.